अळवाच्या पानाची पाठ

मंडळी, नमस्कार. मन्सूरच्या घरच्यांना सलाम.

आधी एक सांगते. आवाज माझ्या नातीचा आहे, बोलणं माझं आहे. काल दुपारी मी सांगत गेले आणि सायलीनं लिहून घेतलं. माइक माझ्या हातात दिला तर तो परत घ्यायला चार माणसं लागतील असं घरच्यांचं म्हणणं, म्हणून हा बंदोबस्त. मी शेजारीच खुर्चीवर बसलेय. हिनं मधलं काही गाळलं तर चिमटा काढणार आहे. माझं ‘नाय’ हिनं जागोजाग ‘नाही’ केलंय, तेवढं मी चालवून घेतलं.

खरं कारण वेगळं आहे. मन्सूर गेला त्या दिवशी जुबेदा, त्याची बायको, माझ्या गळ्यात पडली आणि मला एक शब्द सुचला नाही. मला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड बंद झालं, आणि ते बघायला नेमका मन्सूर नव्हता. त्याला फार आवडलं असतं. आज पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून कागद.

तुम्ही इतके जण आलात. पळस्प्याच्या फाट्यावरचे गॅरेजवाले आहेत, मोहल्ल्यातली मंडळी आहेत, आणि मागे ती काळी जाकिटं घातलेली मुलं आहेत. बाळांनो, एवढ्या उकाड्यात जाकिटं काढली तरी चालेल, मन्सूर रागावणार नाही. तुमच्या गाड्यांच्या टाक्या त्यानंच घडवल्या, त्यानंच रंगवल्या. तुम्ही त्याला उस्ताद म्हणता. मी मन्सूर म्हणते, कारण नुकतं मिसरूड फुटलेलं असताना तो आमच्या अंगणात आला होता, ह्यांच्या फटफटीचा मडगार्ड जोडायला. गॅसची नळी पेटवली आणि वाळत घातलेल्या माझ्या सुकटीवर ठिणग्या उडवल्या. त्या साली आमच्या कालवणाला लोखंडाचा वास होता. पण मडगार्ड? तो पुन्हा सुटला नाही.

ज्यांना त्याचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोणीतरी जुनी, मोडकी मोटारसायकल आणायचं. तिचं जे सडलं असेल ते मन्सूर नव्यानं करायचा. पत्रा कापायचा, ठोकायचा, जोडायचा, घासायचा आणि शेवटी रंगवायचा. बाजारात तयार भाग मिळतात. तेही लावायचा कधी कधी, पण लावताना असं तोंड करायचा, जसं काही कोणी त्याला शिळी भाकरी वाढलीय.

आणि गाडी तयार झाली की त्याची ती पद्धत. मालकाला टाकीपाशी उभं करायचं. डोळे मिट म्हणायचं. तळवा टाकीवर ठेव आणि हळू फिरव. हात कुठं अडला तर सांग. अडला की गाडी परत आत. मालक म्हणायचा, उस्ताद, दिसत तर काहीच नाही. मन्सूर म्हणायचा, डोळ्यांना फसवायला रंग पुरतो, हाताला नाही पुरत.

गाडी आणायला गेले आणि रिक्षानं घरी परत आले, असे किती जण आहेत इथं? हात वर करा. लाजू नका. मला वाटलंच होतं.

आता ह्या मुलीबद्दल. हिचे आजोबा गेल्यापासून त्यांची फटफटी आमच्या गोठ्यामागे पडून होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी उबवायची आणि माझी काही तक्रार नव्हती, गाडी कोणाच्या तरी कामाला येत होती. मग सायली तळोज्याला कंपनीत लागली, हातात पगार आला आणि डोक्यात आजोबांची गाडी शिरली. टेम्पोत घालून पळस्प्याला नेली. टेम्पोत मीही बसले होते, देखरेखीला.

मन्सूरनं गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या मडगार्डची चाळण झालेली. टाकीचं बूड खाल्लेलं. सायलीला म्हणाला, पोरी, नवीन घे, बटण दाबलं की चालते. ही म्हणाली, मला आजोबांची हवी. तो नाही म्हणतच राहिला. तेव्हा मी म्हटलं, सायली, चल, ह्याच्याच्यानं आता होत नाही, उगाच बिचाऱ्याला कशाला लाजवायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोवाल्याला म्हणाला, उतरव.

तो मागचा मडगार्ड होताना मी समोर बसून पाहिलाय. सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा आणि लाकडी हातोडीनं मारायचा. जोरात नाही. मी पोरांना थोपटून झोपवायची त्याच्याहून जरासं जास्त. एक ठोका, पत्रा सरकवला, एक ठोका, पत्रा सरकवला. बघता बघता सपाट पत्र्याला पोट यायला लागलं. मग कडेला तार ठेवून पत्रा तिच्यावर वळवला, परकराचा नेफा शिवतात ना, तस्सा. आणि मग जुन्या मलमलीचा तुकडा पत्र्यावर पसरून वरून तळवा फिरवायला लागला. मधे कपडा असला की हात न अडखळता सरकतो आणि बारीकसा उंचवटासुद्धा कळतो. डोळे मिटलेले. मी म्हटलं, झोपलास काय रे? तर म्हणाला, काकी, गप्प बस, इथं एक डोंगर सापडलाय. मी बोट लावून बघितलं. मला काही लागलं नाही. त्यानं त्या डोंगरावर दुपार घालवली.

इथवर सगळं ठीक होतं. रंगाची वेळ आली आणि मन्सूर टाळायला लागला. आज हवा दमट आहे. आज धूळ आहे. आज कंप्रेसर बरा नाही. कंप्रेसरला काय ताप येतो? एके दिवशी मी माझी निळी साडी नेसून गेले, तर म्हणतो, काकी, हिरवा तुला शोभतो. मला वाटलं, गंमत करतोय. मग त्यानं रंगाचे दोन डबे माझ्यापुढे धरले आणि सहज म्हणाला, काकी, जरा वाच बरं, कुठला कुठला आहे.

मला म्हणाला, वाच. इतक्या वर्षांची ओळख.

मी म्हटलं, “मन्सूर, मला वाचता येत नाय हे तुला ठाऊक हाय. तुला दिसत नाय हे मला कधी सांगणार होतास?”

तो खाली बसला. डबे मांडीवर तसेच. मग हळूहळू सगळं बोलला. साखरेनं डोळ्यांच्या पडद्याला खाल्लं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. माणसं ओळखू यायची, वस्तू दिसायच्या. निळा आणि हिरवा मात्र त्याच्यासाठी एकच झाले होते. घरी सगळ्यांना ठाऊक होतं की नजर कमी झालीय. रंग गेलेत, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जुबेदा, तुलासुद्धा नाही. मान हलवू नकोस, मला माहीत आहे.

म्हणाला, “पेंटरला रंग दिसत नाही हे फाट्यावर कळलं, तर उद्यापासून कोण टाकी देईल? काकी, ही एक गाडी मला पुरी करू दे, बरोबर करू दे. रंग तू बघ.”

मी विचारलं, मग लोकांना सांगायचं तरी कधी? म्हणाला, मी मेल्यावर सांग, मेलेल्याकडे तसंही कोणी टाकी आणत नाही. तर इम्रान, बाळा, तुझ्या बापाचं गुपित मी चव्हाट्यावर मांडतेय असं समजू नको. रीतसर परवानगी घेतलेली आहे.

अट एकच घातली त्यानं. खोटं सांगायचं नाही. म्हणाला, तुझं तोंड वाईट आहे, म्हणून तर तुला निवडली. माझी एवढी तारीफ दुसऱ्या कोणी केलेली नाही.

आता रंग कुठला, ते सांगते. ह्यांनी गाडी घरी आणली तेव्हा मला विचारलं होतं, कसा वाटतो रंग? मी म्हटलं होतं, अळवाच्या पानाची पाठ. वरची बाजू नाही, ती गडद असते. पाठ. फिकी, पांढुरकी, वर पीठ भुरभुरल्यासारखी. पुढे गंजानं तो रंग खाऊन टाकला, सायलीनं तो कधी पाहिलाच नाही. पण मन्सूरनं पाहिला होता. म्हणाला, काकी, माझ्या डोक्यात तो अजून आहे तसा आहे, फक्त डब्यातला रंग त्याच्याशी ताडून बघता येत नाही.

मग मी रोज परसातलं एक पान खुडून रिक्षानं फाट्यावर जायला लागले. कशात काय घातलं की काय होतं, हे त्याला तोंडपाठ होतं. तो मिसळायचा, पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, मी शेजारी पान धरायची. निळा जास्त झालाय. आता पांढरा घाल. आता आजारी दिसतोय. आता बरा आहे पण हसत नाही. असली माझी भाषा, आणि त्याला ती कळायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारीला घरी काम नाही. खरंच नव्हतं.

एके दिवशी पान आणि पत्रा एकमेकांत मिसळून गेले. मी म्हटलं, हाच.

मन्सूरनं टाकी तारेनं आढ्याला टांगली, तोंडाला फडकं बांधलं आणि रंग फवारायची गन हातात घेतली. मंडळी, त्याला रंग दिसत नव्हता हे मी शपथेवर सांगते, आणि टाकीवर एक ओघळ आला नाही, हेही शपथेवर सांगते. गनच्या आवाजावरून त्याला कळायचं किती रंग सुटतोय. हात असा सरळ जायचा आणि सरळ यायचा, पाण्याची पातळी धरल्यासारखा. मी पान धरून बसले होते. चहा येऊन गार झाला. दोघांनाही आठवण नाही.

वाळल्यावर आम्ही टाकी बाहेर उन्हात आणली.

पोपटी. चक्क पोपटी. अळवाचं पान शेजारी धरलं, तर दोघांची ओळखसुद्धा नव्हती.

आणि मन्सूर माझ्याकडे तोंड करून उभा. हात पुसतोय. विचारतोय, “काकी, बरोबर आला ना?”

त्या क्षणी जगात तो रंग ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला दिसत नव्हतं. मी हो म्हटलं असतं, तर तो बरोबर झाला असता. पण अट होती. मी म्हटलं, “मन्सूर, पोपट झालाय. टाकीचा पण आणि आपला पण.”

त्यानं टाकीवरून एकदा तळवा फिरवला. मग विचारलं, पान कुठं धरून बघायचीस? म्हटलं, इथं आत. वर काय आहे? म्हटलं, ताडपत्री. रस्त्याची धूळ येते म्हणून इम्राननं नवीन बांधली होती. विचारलं, कुठल्या रंगाची? म्हटलं, निळी.

तो हसायला लागला. इतका हसला की शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला. निळ्या ताडपत्रीखाली सगळा उजेडच निळा असतो, त्यात जे जुळतं ते उन्हात जुळत नाही. हे त्यानं हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. पण ज्याला हे कळत होतं त्याला ताडपत्री निळी दिसत नव्हती. आणि जिला दिसत होती, ती पान धरून बसली होती, शहाण्यासारखी.

मी म्हटलं, जाऊ दे आता. टाकी तर देखणी झालीय. सायलीला काय कळतंय, पोपटी तर पोपटी. मन्सूर हसायचा थांबला. म्हणाला, “तिला कळणार नाही. पण ती गाडी तुझ्याच दारात उभी राहणार ना? रोज सकाळी तुला दिसणार.”

आणि त्यानं तो सगळा रंग उतरवला, पार पत्र्यापर्यंत. सांगायला एक वाक्य लागलं. त्याला किती लागलं ते मी पाहिलंय. पाय सुजलेले, स्टुलावर बसून घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, म्हातारीला पसंत पडला नाही. फाट्यावर माझी बदनामी त्यानं व्यवस्थित केली. तिथले किती जण मला मनातल्या मनात काय काय म्हणाले असतील, ते आज ओशाळलेल्या तोंडांवरून दिसेलच.

काल हे लिहिताना सायलीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजी, मला पोपटीपण चालला असता गं. म्हटलं, तुला चालला असता. म्हणून तर तो मोठा आणि तू लहान.

दुसऱ्या वेळी आम्ही रस्त्याच्या कडेला, भर उन्हात बसलो. त्याच्या डोक्यावर रुमाल, माझ्या डोक्यावर पदर, मधे डबे. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या अंगावर धूळ उडवून जायच्या आणि पत्र्याचा तुकडा मी पदराखाली लपवायची, लेकरू झाकतात तशी. पुन्हा पान, पुन्हा पांढरा, पुन्हा हसत नाही. या वेळी मी हो म्हणायची घाई केली नाही, आणि त्यानंही विचारायची घाई केली नाही.

शेवटचा हात मारला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी वाकून बघायला गेले, तर माझ्यावर ओरडला. आत्ता बघू नको, संध्याकाळचा उजेड लबाड असतो. उद्या चांगलं ऊन चढू दे, मग सांग. टाकीभोवती जुनी चादर सोडली, मच्छरदाणीसारखी. मग हात पुसत म्हणाला, “काकी, ह्या वेळी बरोबर आला ना, तर मी सुटलो.”

मी म्हटलं, “आणि नाय आला तर?”

“तर परत घासू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पान खुडलं, रिक्षा केली आणि फाट्यावर उतरले. शटर बंद होतं. पंक्चरवाल्यानं सांगितलं. पहाटेची नमाज पढून मन्सूर जरा आडवा झाला, तो उठला नाही.

माझ्या हातात ते पान होतं. जुबेदाच्या घरी गेले तेव्हाही होतं. कुठं ठेवायचं ते कळेना.

त्यानंतर शटर काल उघडलं. मी इम्रानला निरोप धाडला होता, टाकी गाडीवर चढव, पण चादर काढू नको. त्यानं ऐकलं. बापाचं इतकं ऐकलं असतं तर, असो.

पुढचं मी आज सकाळी सांगितलंय, इथं हॉलच्या पायरीवर बसून. सायलीनं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलंय, अडखळली तर समजून घ्या. येताना फाटकापाशी चादरीखाली उभी असलेली वस्तू तुम्ही सगळ्यांनी पाहिली. कोणी चादर उचलली नाही, भली माणसं आहात. इम्राननं गाडी उन्हात ढकलली, आणि मी चादर वर करून बघितलं. एकटीनं. मग पुन्हा झाकली. माझ्या पिशवीत अळवाचं पान आहे. वड्या करायला आणलेलं नाही.

इम्रान, दोनच गोष्टी सांगते. दुकान चालव, आणि ती ताडपत्री बदल.

मला विचाराल तर मन्सूरचं मोठेपण टाक्यांच्या चकाकीत नव्हतं. ती काय, दुसरेही आणतात. रंग नजरेतून गेल्यावर त्यानं रंगाशी तडजोड केली नाही. आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला नीट दिसावं म्हणून माणूस किती घासतो? मी त्याला पुष्कळ टोमणे मारले. एकही परत घेत नाही, ते त्याचे होते, प्रेमानं घेतलेले. पण त्याच्यासमोर जे कधी म्हटलं नाही ते आज म्हणते. मन्सूर, तुझ्या हातासारखा हात मी पाहिला नाही.

आता उभे राहा. मौन आपण पाळणार आहोत, पण इथं नाही, बाहेर गाडीपाशी. इम्रान चादर काढेल. एकेकानं पुढं यायचं, डोळे मिटायचे, टाकीवर तळवा ठेवायचा आणि हळू फिरवायचा. कोणी काही बोलायचं नाही. हात कुठं अडला तर मला येऊन सांगा. अडणार नाही.

जायच्या आधी एक उत्तर द्यायचं राहिलंय. त्यानं विचारलं आणि ऐकायला थांबला नाही. खोटं न सांगायची अट तो गेला म्हणून सुटत नाही. रंग चुकला असता तर मी इथं सगळ्यांदेखत तसंच सांगितलं असतं, जुबेदा रागावली असती तरी. सायली, कागद ठेव खाली. हे माझं मी बोलते.

मन्सूर, ऊन चांगलं चढलंय. ताडपत्री नाय वर. पान शेजारी धरून बघितलं, दोनदा बघितलं.

आला रं. बरोबर आला.